स्टालिनग्राडचे कामगार लढले की अडकले?

भोंगा

आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवायचे. स्टालिनग्राड, दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि रशियन सैन्यं जिथे भिडली ते रशियातलं शहर, हे नाव मी शाळेत नाही, त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि तेही अण्णाभाऊ साठ्यांच्या स्टालिनग्राडवरच्या पोवाड्यामुळे. त्यांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं: कामगार सकाळी रणगाडा जोडतात, दुपारी त्यातच बसून गेटाबाहेर लढायला जातात. हे चित्र खोटं नाही. पण गेली दोन वर्षं जमेल तसं वाचल्यावर मला ते अर्धंच वाटायला लागलंय, म्हणून हा धागा.

स्टालिनग्राड हे आधी कारखान्यांचं गाव, बाकी सगळं मग. व्होल्गाच्या उंच पश्चिम काठावर लांबच लांब पसरलेली चिंचोळी पट्टी. उत्तरेकडून खाली येताना ओळीने तीन अजस्र कारखाने: ट्रॅक्टरचा, मग तोफांचा 'बारिकाडी', मग पोलादाचा 'लाल ऑक्टोबर'. त्यांच्या दक्षिणेला मामायेव टेकडी आणि तिच्या पलीकडे मूळ शहर. ट्रॅक्टर कारखाना १९३० साली सुरू झाला, त्याचा आराखडा डेट्रॉइटच्या अल्बर्ट कान यांच्या कंपनीचा. भांडवलशाहीच्या राजधानीत आखलेला समाजवादाचा देखावा, असो. १९४१ च्या शेवटी खारकोव्हचा रणगाडा कारखाना उरलमध्ये निझ्नी तागिलला हलवला. तो तिथे नीट उभा राहीपर्यंत टी-३४ रणगाड्यांचा मोठा भार या ट्रॅक्टर कारखान्याने उचलला.

आता २३ ऑगस्ट १९४२, रविवार. जर्मन विमानांनी शहर पेटवलं आणि त्याच दिवशी त्यांची सोळावी पॅन्झर (रणगाड्यांची) डिव्हिजन उत्तरेला रिनोकपाशी व्होल्गाला येऊन भिडली. ट्रॅक्टर कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर. शहरात तेव्हा स्थानिक तर होतेच, शिवाय युक्रेनमधून आणि लेनिनग्राडहून आलेले निर्वासितही होते. बायका-मुलांना मोठ्या प्रमाणावर नदीपलीकडे न्यायचा निर्णय झाला तो या बाँबफेकीनंतर. आधी नाही.

माझा मुद्दा एवढाच: कारखाना चालू राहावा म्हणून वस्ती जागची हलवली नाही. नंतर त्याच माणसांना वीर म्हटलं. वीर ते होतेच, पण त्यांना कोणी विचारलं होतं का?

कॅप्टन_निवृत्त

भोंगासाहेब, लिहिलंय छान, पण ऐंशी वर्षांनी खुर्चीत बसून हा प्रश्न विचारणं सोपं आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात लाल सेना डॉन नदीच्या मैदानातून मागे हटत होती. २८ जुलैला २२७ क्रमांकाचा हुकूम निघाला, 'एक पाऊलही मागे नाही' तो हाच. त्याचा गाभा घोषणेत नाही, हिशोबात आहे: आता मागे जायला जमीन, धान्य, पोलाद उरत नाही. अशा वेळी रणगाडे बनवणारा कारखाना बंद करून गाड्यांवर चढवायचा? नवीन जागी उत्पादन सुरू व्हायला महिने लागतात. ते महिने कोणाकडे होते?

दुसरं, कारखाना चालवायचा तर कामगार हवा आणि कामगार हवा तर त्याचं घर तिथे हवं. बायको-पोरं उरलपलीकडे आणि नवरा लेथवर, असं हजारो घरांचं करायला जे प्रशासन लागतं ते कोसळत्या आघाडीमागे नसतं.

मृण्मयी_न

कॅप्टनकाका, 'नवरा लेथवर' हे वाक्य परत वाचा. १९४२ मध्ये लेथवर बाईसुद्धा होती. पुरुष आघाडीवर गेल्यावर कारखान्यांतली मोठी भरती बायकांची आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची होती. त्यामुळे 'कामगार' आणि 'बायका-मुलं' हे दोन वेगळे गट धरून केलेला हिशोबच चुकतो.

आणि २३ तारखेला उत्तरेला त्या पॅन्झरना पहिल्यांदा अडवलं कोणी? विमानविरोधी तोफांच्या १०७७ व्या रेजिमेंटने. त्या तोफांवर बऱ्याच ठिकाणी नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या मुली होत्या. विमानांसाठीच्या तोफा आडव्या करून त्या रणगाड्यांवर डागल्या. एकेक करून ३७ तोफठाणी गारद होईपर्यंत त्या हटल्या नाहीत. पोवाडा म्हणायचाच तर यांचा म्हणा.

तिरकस

पोवाड्यावरून आठवलं. ऑगस्ट १९४२ म्हणजे इकडे 'चले जाव'. गवालिया टँकवर ८ ऑगस्टला ठराव झाला, ९ च्या पहाटे सगळे पुढारी आत. आणि लाल बावटेवाले, म्हणजे कम्युनिस्ट, तेव्हा 'लोकयुद्ध' म्हणत उत्पादन थांबवू नका असं सांगत होते. अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून जास्त बंद राहिल्या, मुंबईत तसं झालं नाही. तेव्हा आपल्या आजोबांना स्टालिनग्राडच्या कामगाराचं चित्र दाखवणाऱ्यांचा त्यात काय स्वार्थ होता, हेही बघा की. 'यंत्र बंद पडता कामा नये' हा संदेश परळला पोचवायला याहून सोयीची गोष्ट कुठली?

भोंगा

तिरकस, टोमणा लागला, पण त्यात तथ्य आहे हे नाकारत नाही. आजोबा त्या काळात रोज कामावर गेले आणि शेजारच्या चाळीतली पोरं तुरुंगात गेली, याचा सल त्यांना म्हातारपणापर्यंत होता. मात्र एक लक्षात घ्या, अण्णाभाऊंना रशियाचा कामगार जवळचा वाटला तो कुणी सांगितलं म्हणून नव्हे. भोंगा वाजला की उठायचं आणि भोंगा वाजला की झोपायचं, हे आयुष्य त्यांनी पाहिलेलं होतं. बेचाळीसवर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे व्होल्गाकाठीच राहू.

भट्टीवाला

वाचत होतो, एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. तीस वर्षं पोलादात काढली. 'कारखाना हलवा' म्हणणाऱ्यांनी तीन कारखाने वेगळे धरले पाहिजेत. ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथ, मिलिंग, प्रेस असतात. बोल्ट काढले, वॅगनवर टाकले, निघाले. १९४१ मध्ये रशियाने असे दीड हजारांवर कारखाने पूर्वेला नेले. तोफांचा कारखाना त्याच जातीचा, फक्त यंत्रं जास्त अवजड. पण 'लाल ऑक्टोबर'सारखा पोलाद कारखाना? उघड्या चुलीची भट्टी म्हणजे विटांची इमारत. ती हलवत नाहीत, ती सोडून देतात आणि दुसरीकडे नवी बांधतात. भट्टी थंड होऊ दिली तर आत राहिलेला धातू थिजतो, अस्तर तडकतं. त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत ती पेटती ठेवण्यामागे सगळीच क्रूरता नसते, काही वेळा दुसरा इलाजच नसतो.

रणगाड्याला चिलखताचा पत्रा लागतो आणि तो पत्रा शेजारच्याच आवारातून मिळत होता. म्हणून तिन्ही कारखाने एकमेकांना बांधलेले. एक उचलला की दुसरा लंगडा. नकाशावर हे दिसत नाही.

मृण्मयी_न

भट्टीवालाकाका, हे मला माहीत नव्हतं, आभार. पण भट्टी हलत नाही हे माणसं न हलवण्याचं कारण कसं होईल? प्रांताचे पक्षसचिव चुयानोव यांच्या आठवणींत जुलैमधल्या मॉस्कोच्या फोनचा उल्लेख येतो. पळापळीची भाषा बंद करा, शहर सोडायचं नाही, असा त्याचा सूर. मग गुरं आणि धान्य व्होल्गापार नेलं जातं आणि माणसं राहतात.

आणि नदी ओलांडणं म्हणजे काय होतं तेही पाहा. स्टालिनग्राडला व्होल्गावर कायमचा पूल नव्हता. पात्र किलोमीटरभराहून रुंद. ऑगस्टच्या अखेरीला लोक नावा, तराफे, बोटी मिळेल त्याने निघाले, तोवर जर्मन तोफा काठावर येऊन बसल्या होत्या. २७ ऑगस्टला निर्वासितांनी भरलेली एक प्रवासी बोट उत्तरेकडे जाताना तोफांच्या माऱ्यात जळाली, शेकडो लोक गेले. बोटीचं नाव 'जोसेफ स्टालिन'. हीच माणसं जुलैत निघाली असती तर त्या काठावर एकही जर्मन तोफ नव्हती.

कॅप्टन_निवृत्त

ताई, बोटीचा मुद्दा मान्य, तो खोडता येत नाही. पण मूळ गुन्हेगार विसरू नका. बाँब रशियाने टाकले नाहीत. २३ तारखेच्या मृतांचा चाळीस हजार हा आकडा सगळीकडे फिरतो, त्यावर अभ्यासकांत वाद आहे. आकडा निम्मा धरला तरी तो जर्मन हवाई सेनापती रिश्टहोफेनच्या वैमानिकांच्या खात्यावर जातो, चुयानोव यांच्या नाही.

आता लष्करी बाजू. लोक म्हणतात, स्टालिनचं नाव म्हणून हिटलर हट्टाला पेटला. ८ नोव्हेंबर १९४२ च्या म्युनिकच्या भाषणात हिटलर स्वतःच ते नाकारतो. नावासाठी नव्हे, व्होल्गावरची वर्षाची ३ कोटी टन वाहतूक, त्यात सुमारे ९० लाख टन तेल, ती तोडायला गेलो, असं तो म्हणतो. खोटारडा होता, पण इथे हिशोब बरोबर आहे. बाकूचं तेल याच नदीतून वर जायचं. म्हणजे शहर लढवणं हा रशियाचा हट्ट नव्हता, गरज होती.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय, चूक असेल तर सांगा. कॅप्टन, तुम्ही जे सांगता त्यातूनच उलटा प्रश्न निघतो. एप्रिल १९४२ च्या हिटलरच्या ४१ व्या युद्धनिर्देशात शहर घेतलंच पाहिजे असं नव्हतं. पोचायचा प्रयत्न करा, नाहीतर निदान जड तोफांच्या माऱ्याखाली आणा, म्हणजे उद्योग आणि दळणवळणाचं केंद्र म्हणून ते निकामी होईल, एवढंच. तर ऑगस्टच्या अखेरीला हे साधलंच होतं. व्होल्गा तोफांच्या टप्प्यात, कारखाने जळालेले. सप्टेंबरच्या मध्यानंतर तिथे उत्पादन म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

मग ऑक्टोबरमध्ये दोन्ही सैन्यं कशासाठी लढत होती? १४ ऑक्टोबरचा हल्ला सगळ्यांत भयानक मानतात. त्या दिवशी ट्रॅक्टर कारखान्यात जोलुदेवची रशियन ३७ वी गार्ड डिव्हिजन जवळजवळ संपली. ती ज्यासाठी लढली तो कारखाना तेव्हा कारखाना राहिलेलाच नव्हता.

कॅप्टन_निवृत्त

उत्तम प्रश्न आहे आणि उत्तरही कारखान्यातच आहे. मोडलेला कारखाना हा बचावासाठी शाबूत कारखान्यापेक्षा चांगला. वाकलेले गर्डर, कोसळलेली छपरं, यंत्रांखालचे काँक्रीटचे पाये, गटारं, भट्ट्यांची भुयारं. रणगाडा आत शिरू शकत नाही, विमानाला आपला-परका दिसत नाही. रशियन सेनापती चुइकोव्हने आपल्या ६२ व्या सेनेला शत्रूच्या इतकं जवळ चिकटून राहायला लावलं की जर्मन वैमानिकाने बाँब टाकला तर तो स्वतःच्याच माणसांवर पडावा. उंच काठाच्या पोटात मुख्यालयं, पलीकडच्या काठावर तोफखाना. बारिकाडीच्या मागे ल्यूदनिकोव्हची १३८ वी डिव्हिजन काठाच्या एका तुकड्यावर तिन्ही बाजूंनी वेढलेली, पाठीशी नदी, तरी टिकली.

जर्मनांची सहावी सेना तिथे अडकून राहिली आणि तिच्या दोन्ही बगला रुमानियन सैन्याकडे सोपवाव्या लागल्या. १९ आणि २० नोव्हेंबरला त्या बगलांवर रशियाचा घाव पडला, २३ ला कालाचपाशी वेढा बंद. कारखाने हे आमिष ठरले. गळाला लावलेलं.

भोंगा

'गळाला लावलेलं'. कॅप्टन, माझा धागा तुम्ही एका शब्दात लिहिलात. आमिष म्हणून कारखाना ठेवला इथवर ठीक. पण घळींत, तळघरांत, जमिनीत खणलेल्या बिळांत त्या आमिषाबरोबर माणसंही राहिली होती. काहींना जर्मनांनी पश्चिमेला हाकललं. काही फेब्रुवारीपर्यंत तिथेच.

कॅप्टन_निवृत्त

वेढा आधी ठरवून शहर आमिष केलं असं मी म्हणत नाही. ते तसं होत गेलं. ऑगस्टमध्ये कुणालाच नोव्हेंबर दिसत नव्हता.

तिरकस

जे तसं 'होत जातं' त्याच्यासाठी नंतर पुतळा उभारतात. मामायेव टेकडीवर १९६७ साली तलवार उपसलेली माता उभी केली, ८५ मीटर. तोवर शहराचं नावही बदलून व्होल्गोग्राड झालं होतं.

भट्टीवाला

पुतळ्याचं सोडा. शेवट कुठे झाला ते सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाही. ३१ जानेवारी १९४३ ला जर्मन सहाव्या सेनेचा सेनापती पाऊलुस डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात शरण गेला, ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलंय. पण उत्तरेकडचा जर्मन गट स्ट्रेकरच्या हाताखाली आणखी दोन दिवस लढला आणि २ फेब्रुवारीला शरण आला, तो ट्रॅक्टर कारखान्याच्या परिसरात. जिथे सुरुवात झाली तिथेच.

आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात तिथे रणगाड्यांची दुरुस्ती सुरू झाली. १९४४ मध्ये पुन्हा ट्रॅक्टर निघाला. ज्याने कधी विझलेली भट्टी परत पेटवली आहे त्याला विचारा हे किती कठीण असतं. रशियन सैनिकांनी लढवलेली, पावलोव्हचं घर म्हणून जी इमारत प्रसिद्ध आहे, तिच्या विटा १९४३ मध्ये चेर्कासोवा नावाच्या बाईने आणि तिच्यासोबतच्या बायकांनी पुन्हा रचायला घेतल्या. कामाचे तास संपल्यावर. अनुभव नाही, अवजारं धड नाहीत.

मृण्मयी_न

कामाचे तास संपल्यावर! आणि मघाशी हिशोबात त्या 'बायका-मुलं' होत्या.

कॅप्टन_निवृत्त

ताई, माझ्या पहिल्या प्रतिसादातलं ते वाक्य चुकलं. संपादनाची मुदत गेली, नाहीतर खोडलं असतं. शहर सोडायला नको होतं या मतावर मी कायम आहे. जुलैत बोटी सोडायला हव्या होत्या, हेही आता म्हणतो. दोन्ही एकदम कसं जमलं असतं ते मला अजून सांगता येत नाही.

भोंगा

जमलं असतं की नाही हे मलाही ठाऊक नाही, कॅप्टन. पण जुलैत कोणी प्रयत्न करून पाहिला असता तर मी हा धागा वेगळा लिहिला असता. भट्टीवालाकाका, अस्तर तडकण्याबद्दल सविस्तर लिहा ना, वाट पाहतो.