मदत हवी आहे: वेलाला फुलं भरपूर, पण फळ धरतच नाही

कळंबेकरीण (८ मार्च, सकाळी ९.१०)
नमस्कार. वेल मांडवभर पसरलाय, फुलं रोज येतात, पण फळ करंगळीएवढं असतानाच पिवळं पडतं आणि गळतं. आठवड्यात अकरा गेली, मोजून. पाणी, खत सगळं वेळेवर आहे. पाडवा तीन आठवड्यांवर आलाय आणि यंदा पाडव्याला घरची भाजी करायचीच, असं ठरवलं होतं. कोणतं औषध मारू? कृपया लवकर सांगा.

राजारामपुरीकर (९.२५)
ताई, वेल कशाचा ते लिहा की. काकडी, कारलं, दुधी, भोपळा? जमिनीत आहे की कुंडीत? बी कधी टोकलं? त्याशिवाय औषधाचं नाव सांगता येणार नाही.

गोठेवाला_बावडा (९.४०)
औषध अजिबात मारू नका. जीवामृत द्या. घरच्या बागेला दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा काठीनं ढवळायचं, दोन दिवसांनी वापरायचं. गूळ आपल्याकडचा काळसर, बिनरसायनाचा घ्या. मी सहा वर्षं दुसरं काही घातलेलं नाही.

उचगाव_मळा (१०.०५)
ही फळमाशी आहे. माशी कोवळ्या फळाला डंख मारते, आत अंडी घालते, फळ पिवळं होऊन वाकडं होतं. आमच्या आंब्याला लावलेला सापळा वेलाजवळ टांगला की काम झालं.

राजारामपुरीकर (१०.१८)
दादा, आंब्याच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉलची वडी असते. वेलवर्गीय भाज्यांची माशी वेगळी, तिला ओढायला क्यू ल्युर हा दुसरा गंध लागतो. दुकानात नुसतं ‘फळमाशीचा सापळा द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा आंब्याचाच हातात येतो. मी एक हंगाम असाच घालवलाय. आणि अजून वेल कशाचा ते कळलेलं नाही.

उचगाव_मळा (१०.३०)
वडीचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. पण ताई, गळलेलं फळ उभं चिरून बघा. आत पांढरी अळी दिसली तर माझं म्हणणं खरं.

सानेगुरुजी_वसाहत (११.०२)
टोमॅटोची पानं वर वळून चुरगळत असतील तर तो पांढऱ्या माशीनं पसरवलेला रोग असतो. रोप उपटून टाका, बाकीच्यांना पिवळे चिकट सापळे लावा. निंबोळी अर्क ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा.

कळंबेकरीण (दुपारी १.१५)
माफ करा, दोडका आहे हो! सकाळी घाईत लिहायचं राहूनच गेलं. टोमॅटो नाहीत माझ्याकडे. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, २० लिटरच्या रंगाच्या डब्यात तीन रोपं. बी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून आणलं, २६ जानेवारीला लावलं. फळ चिरलं, अळी नाही, आत नुसतं पांढरं कोरडं. मधमाश्या दिसत नाहीत म्हणून व्हिडिओत बघून रोज सकाळी सात-साडेसातला ब्रश घेऊन परागीभवनही करते. तोवर फुलं मलूल झालेली असतात, तरी ब्रश फिरवते. परवा दोन चमचे युरिया दिला.

शेतीपदवीधर (१.४०)
युरिया बंद करा. नत्र जास्त झालं की वेल पानांवर जातो, नर फुलं वाढतात, मादी कमी येतात. वीस लिटरच्या डब्यात तीन रोपं म्हणजे दाटीही झाली. दोन काढून टाका.

गोठेवाला_बावडा (१.५२)
म्हणूनच म्हणत होतो, जीवामृत.

फुलेवाडी_तिसरा_स्टॉप (२.०५)
आता फुलांवर आलेली रोपं कशाला उपटायला सांगताय? मुळं एकमेकांत गुंतलेली असणार, एक ओढलं की तिन्ही हलतील. आणि अकरा फळं गळली म्हणजे अकरा मादी फुलं आली होती की! मादी फुलं कमी, ही अडचणच नाही तिथं.

शेतीपदवीधर (२.२०)
मादी फुलांचा मुद्दा बरोबर. दाटीचं माझं मत तेच राहील. मार्चच्या उन्हात एवढी माती तीन वेलांना दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही. रोपं ठेवायचीच असतील तर दोन वेळा पाणी आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

पन्हाळ्याच्या_पायथ्याची_काकू (संध्याकाळी ७.३०)
अगं पोरी, सकाळी सातला दोडक्याकडं काय करतेस? दोडक्याचं फूल दिवेलागणीला उमलतं. सकाळी तू जातेस तेव्हा त्याचा दिवस संपलेला असतो. माझ्या सासूबाई घड्याळ बघत नव्हत्या, परसातला दोडका पिवळा दिसायला लागला की भाकरीला तवा टाकायच्या.

आता नीट बघ. एकाच बेचक्यातून दोन तऱ्हेची फुलं येतात. लांब दांड्यावर कळ्यांचा घोस असतो तो नर, त्यातलं रोज एखादंच उमलतं. मादी एकटी असते, आणि तिच्या पाकळ्यांखाली सुरुवातीपासूनच शिरा असलेला इवलासा दोडका असतो. तू ज्याला ‘फळ गळतंय’ म्हणतेस ते फळ नव्हेच, परागकण न मिळालेलं मादी फूल आहे ते. संध्याकाळी सहाच्या पुढं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा भाग बोटाला लावून बघायचा. पूड बोटाला लागली की तोच भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं टेकवायचा. एका नरात दोन मादी होतात. ब्रश नको.

राजारामपुरीकर (७.४८)
काकू, हे मला माहीत नव्हतं. मी काकडीला सकाळीच करतो आणि फळं धरतात.

पन्हाळ्याच्या_पायथ्याची_काकू (८.०५)
काकडी, कारलं, तांबडा भोपळा सकाळचे. घोसाळंसुद्धा सकाळचंच, दोडक्याचं भावंड असून. दोडका, दुधी, पडवळ हे तिन्हीसांजेनंतरचे. त्यांच्याकडं रात्रीचे पतंग येतात. तिसऱ्या मजल्यावर, आसपास झाड नसेल तर ते किती येणार?

उचगाव_मळा (८.२०)
दोडका निघाला की शिरा टाकू नका. तव्यावर तेलात कुरकुरीत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण घालून कुटायच्या. भाजीपेक्षा ही चटणी आधी संपते.

सानेगुरुजी_वसाहत (८.३१)
त्यात आपली कांदा-लसूण चटणी चमचाभर घाला.

फुलेवाडी_तिसरा_स्टॉप (८.३५)
नको हो, मग शिरांची चवच लागत नाही. हिरवी मिरची बास. आणि एक महत्त्वाचं: शिजवण्याआधी टोकाचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू जहर लागला तर अख्खा दोडका फेकायचा. त्या कडूपणानं उलट्या-जुलाब होतात.

कळंबेकरीण (१९ मार्च, रात्री ९.००)
उशिरा लिहितेय. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला खुर्ची टाकून वेलासमोर बसले. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत कळ्या घट्ट. मग एका कळीची टोकं सैल झाली, आणि मी धाकटीला हाक मारून वर येईपर्यंत पाकळ्या अर्ध्या उलगडल्या होत्या. फिकट पिवळ्या, कागदासारख्या चुरगळलेल्या. दीड महिना रोज पाणी घालत होते, पण संध्याकाळी कधी वर गेलेच नव्हते. सहाला मुलींचा अभ्यास आणि स्वयंपाक असतो.

पहिल्या दिवशी एका मादी फुलाला केलं, ते गळलं. बहुतेक जोरात दाबलं. पुढच्या दोन दिवसांत तीन केली, त्यातली दोन धरली. एक आज वीतभर झालाय, दुसरा त्याहून थोडा लहान. युरिया बंद केलाय, पाणी दोन वेळा, रोपं तिन्ही ठेवलीत. काकू, खूप खूप आभार.

आता एक विचारायचंय. मोठा दोडका मांडवाच्या दोन काठ्यांत अडकून वाकतोय. सोडवायला गेले तर देठ तुटेल का?

पन्हाळ्याच्या_पायथ्याची_काकू (९.२०)
दोडक्याला हात लावू नकोस, काठीची सुतळी सोड आणि काठी बाजूला सरकव. तो आपल्या वजनानं खाली येईल. आणि पाडव्यापर्यंत थांबू नकोस. नख सहज रुततंय तोवर खुडायचा, नाहीतर आत जाळी धरेल. हा आधी खा, पाडव्याला मागचे येतील. आज फुलं किती उमलली?

कळंबेकरीण (९.२६)
चार मादी. चारही केली. काठी आत्ताच टॉर्च घेऊन सरकवून येते.