मदत हवी आहे: अनारसे खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी रँडम ड्रग टेस्ट

अठराचाकी:
न्यू जर्सीत ट्रक चालवतो, सीडीएल म्हणजे मोठ्या गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स मिळून नऊ वर्षं झाली. दारू नाही, सिगारेट नाही. तरी कालपासून जीव टांगणीला लागलाय.

सासूबाई दिवाळीला इकडे आल्यात. त्यांच्या अनारशावर खसखशीचा इतका जाड थर असतो की खालचं पीठ दिसत नाही. रविवारी रात्री मी आठ खाल्ले (मोजलेत, बायकोने). सोमवारी सकाळी यार्डात पाऊल ठेवतो तोच मॅनेजर म्हणाला, रँडममध्ये नाव आलंय, आत्ताच्या आत्ता निघ.

सेंटरवर खिसे रिकामे करून घेतले. टॉयलेटमधलं पाणी निळं केलेलं, नळाचं पाणी बंद. त्या सगळ्या थाटानेच माझी घाबरगुंडी उडाली. 45 मिलिलिटर लागतं, पहिल्या खेपेला निम्मंही झालं नाही. मग बाकावर पाणी पीत बसवलं. तीन तासांची मुदत, तेवढ्यात 40 औंसपर्यंत पाणी. मध्येच उठून गेलं तर टेस्टला नकार दिला असं धरतात, आणि नकार म्हणजे पॉझिटिव्हइतकंच वाईट. दीड तासाने जमलं एकदाचं. तिथल्या बाईंनी तापमानाची पट्टी बघितली, दोन बाटल्यांत ओतलं, सील लावलं, सीलवर माझी आद्याक्षरं घेतली. परत येताना सिग्नलला थांबलो आणि डोक्यात आलं, खसखस म्हणजे अफूचंच बी की!

यामुळे खरंच पॉझिटिव्ह येतं का? मॅनेजरला आधीच सांगून मोकळा होऊ का? क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे ड्रग-दारूचे नियम मोडणाऱ्या चालकांच्या सरकारी नोंदीत, नाव चढलं की सीडीएलही काढून साधं लायसन्स करतात, म्हणून विचारतोय. घरी अजून कोणाला बोललो नाही. सासूबाई आयुष्यात पुन्हा अनारसे करणार नाहीत.

गुळपोळी:
आठ?? टेस्टचं राहू दे, पोट ठीक आहे ना?

रात्रपाळी:
आमच्या कंपनीत ड्रग टेस्टिंगचं काम मी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खसखशीच्या टरफलाला बोंडातला चीक लागलेला असतो, त्यात मॉर्फिन आणि कोडीन. त्यामुळे लघवीत येऊ शकतं, ही काही अफवा नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2023 मध्ये सैनिकांना खसखस टाळायलाच सांगितलं होतं. पण बी धुतलं की बरंच उतरतं, आणि सरकारी टेस्टची मॉर्फिनची मर्यादा 1998 मध्ये मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली ती खसखशीपायीच.

समजा मर्यादा ओलांडली, तरी लॅब थेट कंपनीला कळवत नाही. आधी एमआरओ म्हणजे तपासणारा डॉक्टर तुम्हाला फोन करतो. आकडा 15,000 च्या आत असेल तर पॉझिटिव्ह ठरवायला अफूजन्य पदार्थ बेकायदा घेतल्याची वैद्यकीय लक्षणं त्याला दाखवून द्यावी लागतात, ती जबाबदारी त्याची. 15,000 च्या वर मात्र खसखशीचं कारण चालत नाही. हेरॉइनची खूण वेगळी तपासतात, ती अनारशातून येत नाही.

तेव्हा अनोळखी नंबर आला तरी फोन उचला. खोकल्याचं कोडीनवालं औषध घेतलं असेल तर प्रिस्क्रिप्शन हाताशी ठेवा. डॉक्टरने पॉझिटिव्ह ठरवलंच, तर दुसरी बाटली वेगळ्या लॅबमध्ये तपासून मागायला 72 तास असतात. मॅनेजरला आत्ता काही सांगू नका. डॉक्टरने निगेटिव्ह दिलं तर कंपनीला फक्त 'निगेटिव्ह' एवढंच कळतं, आकडे कळत नाहीत. उगाच का तोंडाने विषय काढायचा?

गुळपोळी:
आणि होळीला ठंडाई?

रात्रपाळी:
भांगेची असेल तर विसरा. राज्यात गांजा कायदेशीर असो नाहीतर नसो, डॉटच्या, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या टेस्टमध्ये त्याला कुठलंच कारण चालत नाही. गांजाच्याच झाडापासून काढलेल्या सीबीडी तेलामुळे टेस्टमध्ये आलं म्हणणाऱ्यांचंही ऐकत नाहीत.

अठराचाकी:
ताई, खूप आभार. शुक्रवारी डिस्पॅचचा मेसेज आला: निगेटिव्ह, शनिवारी ओहायोचा लोड. डॉक्टरचा फोन आलाच नाही. बायकोला सगळं सांगितलं, तिने उरलेला डबा माझ्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलाय. सासूबाई विचारतायत, जावईबापूंना यंदा आवडले नाहीत का?