मदत हवी आहे: शेअर्ड ड्राइव्हवरचं अख्खं फोल्डर उडालं

मंडळी, जरा तातडीचं आहे. आमच्या छोट्या ऑफिसात एका जुन्या विंडोज १० पीसीचा डी ड्राइव्ह सगळ्यांना झेड ड्राइव्ह म्हणून शेअर केलाय, काल संध्याकाळी मी तिथल्या डुप्लिकेट फाइली साफ करत बसले होते आणि जीएसटीचं २०२३-२४ चं फोल्डर कधी सिलेक्ट झालं देव जाणे, विंडो आली ती न वाचताच एंटर मारला. माझ्या रीसायकल बिनमध्ये काहीच नाही, मग कळलं की नेटवर्कवरून डिलीट केलेलं बिनमध्ये जातच नाही, थेट उडतं (हे आधी कोणी सांगितलं असतं तर!). त्या पीसीच्या बिनमध्येही नाही. प्रीव्हियस व्हर्जन्स (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती) पण रिकामं, त्या ठेवणारं सिस्टिम प्रोटेक्शन फक्त सी ड्राइव्हला चालू होतं म्हणे.

डिलीट झालेल्या फाइली परत काढणाऱ्या रेकुव्हा सॉफ्टवेअरला माझ्या पीसीवरून झेड दिसतच नाही, म्हणजे ते त्या मेन पीसीवरच चालवायला लागणार ना? पोर्टेबलवालं (इन्स्टॉल न करता चालणारं) पेनड्राइव्हवरून चालवून फाइली दुसऱ्या एक्स्टर्नल डिस्कवर काढल्या तर चालेल का? डिस्क साधी फिरणारी आहे, एसएसडी नाही. तूर्तास सगळ्यांना ओरडून सांगितलंय की झेडवर काही सेव्ह करू नका. साहेबांना अजून सांगितलेलं नाही, सोमवारी येतील.