‘त्यू’ आणि ‘वू’ : लुमुंबांच्या भाषणातली अरेतुरे

प्रश्न : काँगोचे पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांच्या ३० जून १९६० च्या, म्हणजे काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला त्या दिवशीच्या, भाषणाचं मराठी करते आहे. त्यात ‘त्यू’ आणि ‘वू’ या फ्रेंच सर्वनामांवर एक वाक्य आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे तिथून ते नीट पोचत नाही. मराठीत कसं आणावं?

उत्तर : ताई, इथे इंग्रजीकडे बघूच नका. ‘त्यू’ म्हणजे तू, ‘वू’ म्हणजे तुम्ही. ‘त्यू’ म्हणण्याला फ्रेंचमध्ये ‘त्युत्वाये’ असं स्वतंत्र क्रियापदच आहे. आपलं ‘अरेतुरे करणे’ त्याच्या फार जवळचं. वाक्याचा आशय असा : काळ्या माणसाला ‘तू’ म्हणत, ते मित्र म्हणून नव्हे, तर मानाचं ‘तुम्ही’ फक्त गोऱ्यांसाठी राखलेलं होतं म्हणून, हे कोण विसरेल?

‘मित्र म्हणून नव्हे’ हे शब्द मात्र गाळू नका. आपणही आईला, मित्राला, विठ्ठलाला तूच म्हणतो. एकेरी हाकेत मुळात अपमान नाही. एकाने तू म्हणायचं आणि दुसऱ्याने उलट तू म्हणायचं नाही, यात तो आहे.

आणि हे बोलणारा माणूस कोण, तेही तळटीपेत द्या. लुमुंबा स्टॅनलेव्हिलला, म्हणजे आजच्या किसांगानीला, टपाल खात्यात कारकून होते. शिकलेल्या काँगोलींना बेल्जियन राजवट ‘एवोल्युए’ म्हणे, म्हणजे ‘उत्क्रांत झालेले’. १९५२ पासून त्यांच्यातल्या निवडकांना खास नोंदणीपत्र मिळू लागलं. त्यासाठी अर्जदाराच्या घरात शिरून राहणीची तपासणी होई. लुमुंबांनी तेही मिळवलं होतं. त्या दिवशी बेल्जियमचा राजा बोदुअँ समोर बसलेला, नुकतीच त्याने दुसऱ्या लिओपोल्डची, म्हणजे काँगोला स्वतःची खाजगी वसाहत करणाऱ्या पूर्वीच्या बेल्जियन राजाची, स्तुती केलेली. आणि लुमुंबांनी राज्यकर्त्यांच्याच फ्रेंचमध्ये त्यांच्या सर्वनामांचा हिशेब मांडला.

प्रश्न : पण ‘अरेतुरे’ फार बोलीतलं नाही का वाटत? ‘एकेरी संबोधन’ कसं वाटेल?

उत्तर : ते व्याकरणाच्या पुस्तकातलं वाटतं. आधीचं वाक्य सकाळ-दुपार-संध्याकाळ सोसलेल्या टोमण्यांचं, शिव्यांचं, माराचं आहे. त्याच्या पाठोपाठ ‘संबोधन’ आलं की धार गेलीच. ‘अहो’चाही मोह टाळा, मराठी कानाला त्यात नवऱ्याला मारलेली हाक ऐकू येते. ‘अरेतुरे’ आणि ‘मानाचं तुम्ही’ ही जोडी ठेवा.