मदत हवी आहे: व्हीलचेअर नको, कॅथेटरसाठी पैसे द्या, हे लोकांना कसं सांगायचं?

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी दोन वर्षं जातेय. पगारी नाही. धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी उंचावरून पडला, पाठीच्या दहाव्या मणक्याला मार बसला, आणि त्याला आणता-नेता मीही तिथलीच होऊन गेले. आजवर हिशेब, पत्रं, असली मागच्या खोलीतली कामं केली. देणग्यांचं बघणारे काका आता वयामुळे थांबले आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. मला उसने दिलेले पैसेसुद्धा परत मागता येत नाहीत, तर देणगी काय मागणार!

लोक द्यायला तयार नाहीत असं मुळीच नाही. ते व्हीलचेअर द्यायला तयार आहेत. गेल्या वर्षभरात अकरा आल्या, सगळ्या एकाच मापाच्या, अठरा इंची बैठकीच्या. माझा भाऊ सडपातळ आहे. तो त्यात बसला की दोन्ही बाजूंना माझा पंजा सहज जातो. मग तो एका अंगाला कलतो आणि सगळा भार बसण्याच्या एका हाडावर येतो. तिथे संवेदनाच नाही, त्यामुळे दुखून कळायची सोय नाही. आधी कातडी लाल होते, मग काळपट, मग एके दिवशी चादरीवर डाग दिसतो. गेल्या वर्षी नाण्याएवढ्या जखमेसाठी तो अडीच महिने पालथा पडून होता. आता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हात टेकून अंग उचलून धरतो, गप्पा मारता मारता. नवख्या माणसाला वाटतं, हा निघाला की काय.

आम्हाला खरं लागतं ते वेगळंच. चांगली गादी (व्हीलचेअरवरची, जिच्याखाली हात घालून हाड टेकत नाही ना हे बघावं लागतं), ड्रेसिंगचं सामान, फिजिओथेरपिस्टचं मानधन, आणि सगळ्यात जास्त कॅथेटर. बहुतेकांना लघवीची जाणीव होत नाही, म्हणून चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. दिवसाला पाच धरले तर एका माणसाला महिन्याला १५०.

हे मागायला गेलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. एका गृहस्थांनी स्पष्टच सांगितलं, "काहीतरी दिसेल असं सांगा हो. नाव घालता येईल असं." आता कॅथेटरवर नाव कुठे घालू?

त्यात विश्वस्तांचं म्हणणं, फोटो असा हवा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. भाऊ म्हणतो, "ताई, माझा केविलवाणा फोटो लावलास तर त्याखाली पहिली कमेंट माझी असेल." आणि देणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न: "परत चालतील ना हो?" याला काय उत्तर देऊ? हो म्हणवत नाही, नाही म्हटलं की फोन बंद.

मी लिहिलेल्या आवाहनाची सुरुवात अशी आहे: "नियतीच्या एका घावाने अंथरुणाला खिळलेल्या अभागी जिवांना हवा आहे आपल्या मायेचा हात..." भावाने वाचून विचारलं, "कोण गेलं?"

कृपया सुचवा. अनुभवी मंडळींनी कान धरला तरी चालेल.

चारचाकी

ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. माझी इजा मानेच्या सहाव्या मणक्याला, पंधरा वर्षं झाली. हे ऑफिसातून टाइप करतोय, त्यामुळे "अंथरुणाला खिळलेले" आधी उडवा. "अभागी"सुद्धा.

लघवीबद्दल लिहायला लाजू नका. तुम्ही लाजलात की वाचणाराही लाजतो. माझ्यासोबत घडलेलं सांगतो, हवं तर वापरा. मीटिंगमध्ये बसलो होतो. डोकं एकदम घणाघण ठोकायला लागलं, कपाळावर घाम, चेहरा लाल. कोणी पाणी पुढे केलं, कोणी पंखा वाढवला. माझ्या मांडीखाली युरिन बॅगची नळी दुमडली होती, एवढंच. छातीच्या सहाव्या मणक्यापासून वर इजा असेल तर भरलेल्या मूत्राशयाने बीपी असं भडकतं की वेळेत लक्ष गेलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नळी सरळ केली, पाच-सात मिनिटांत उतरलं. कॅथेटर चैनीची गोष्ट का नाही हे लोकांना कळतं ते अशा प्रसंगातून. "मायेचा हात" वाचून काही कळत नाही.

उत्साही

छान काम! एक आयडिया: सगळ्यांनी एक दिवस व्हीलचेअरवर बसायचं, व्हिडिओ टाकायचा, पुढच्या तिघांना चॅलेंज द्यायचं. २०१४ मध्ये बर्फाच्या पाण्याचं चॅलेंज किती गाजलं होतं! नाहीतर एखादी मोठी दौड ठेवा.

चारचाकी

उत्साही, राग मानू नका, पण एक दिवस बसून संध्याकाळी उठून चालायला लागणाऱ्याला काय कळतं? हात दुखतात, एवढंच. बसणं हा आमच्या अडचणीतला सगळ्यात सोपा भाग आहे. दौडीला मात्र माझी ना नाही, फक्त आम्हाला टाळ्या वाजवायला कडेला उभं करू नका. (उभं!)

धावरा

दौडीचा विषय निघाला म्हणून. विंग्ज फॉर लाइफ वर्ल्ड रन २०१४ पासून याच कारणासाठी होते. जगभर एकाच क्षणी सुटतात, ठरलेली शेवटची रेषा नसते, मागून एक गाडी येते आणि तिने गाठलं की तुमची शर्यत संपली. त्यामुळे व्हीलचेअरवरचे आणि पायी धावणारे एकत्र असतात. प्रवेश शुल्क पूर्णपणे मज्जारज्जूच्या संशोधनाला जातं. ताईंना मात्र रोजच्या निगेसाठी पैसे हवेत, ते वेगळं खातं. दोन्ही एकत्र करू नका, देणाऱ्याचा गोंधळ होतो.

जमाखर्च

संस्थांचे हिशेब तपासण्यात आयुष्य गेलं, म्हणून चार गोष्टी. थोडं लांबेल.

तुमच्याकडे आकडा तयार आहे आणि तुम्ही तो वाया घालवताय. "एका माणसाचा एक महिना, १५० कॅथेटर" हेच तुमचं मागणं. ज्याला जमेल त्याने महिना उचलावा, नाही तर आठवडा, नाही तर एक दिवस. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम तुमच्यासाठी मोलाची, कारण कॅथेटरही दरमहाच लागतात.

जगात मज्जारज्जूची इजा घेऊन जगणारे १.५ कोटींहून अधिक लोक आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा भाषणात वापरा, आवाहनात नको. २००७ साली स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक यांनी प्रयोग करून दाखवलं की एकाच मुलीची गोष्ट सांगितली तर लोक जास्त देतात, आणि त्याच गोष्टीला आकडेवारी जोडली की देणं कमी होतं. म्हणजे एकच माणूस दाखवा. पण त्याच्या संमतीने, मजकूर त्याला वाचून दाखवून, आणि त्याने उद्या "काढा" म्हटलं तर निमूट काढून.

व्हीलचेअर देणाऱ्याची बोळवण करू नका. त्याला एक कागद पाठवा: बैठकीची रुंदी, खोली, पायाची लांबी, सोबत गादी. या मापाची दिलीत तर आनंदाने घेऊ. निम्मे लोक तिथेच विचारतील की मग पैसेच देऊ का.

एक सावधगिरी. कॅथेटरसाठी म्हणून घेतलेला पैसा कॅथेटरवरच खर्च करावा लागतो. आवाहनात आधीच लिहा की गरज भागून उरल्यास निगेच्या इतर खर्चाला वापरू. हे न लिहिल्याने भल्या संस्था अडकलेल्या पाहिल्यात.

आणि नवे देणगीदार शोधण्याआधी जुनी वही उघडा. त्या काकांच्या वेळच्या दहा जणांना फोन करा. पैसे मागू नका. मागच्या वेळी दिलेल्यातून काय झालं तेवढं सांगा.

जुनी पानं

"चालतील ना?" याला उत्तर म्हणून डॉक्टर गटमन यांची गोष्ट सांगत जा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कमरेखालचं शरीर लुळं पडलेले बहुतेक जण लघवीच्या संसर्गाने नाहीतर बेडसोर चिघळून जात. १९४४ च्या फेब्रुवारीत लुडविग गटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला कक्ष सुरू केला. त्यांच्याकडे कसलंही जादूचं औषध नव्हतं. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा, आणि मूत्राशय स्वच्छ ठेवायचं. माणसं जगायला लागली. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी तिथे १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ ते. त्या सोळांपैकी कोणी उठून चाललं म्हणून ती भरली नव्हती.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. उत्साही, तुमचेही, कारण तुमच्यामुळे चारचाकी पेटले.

काल वही काढली. दहापैकी सात जणांनी फोन उचलला. एका आजींना मी सांगितलं की तुम्ही दिलेल्यातून दोन गाद्या आल्या आणि त्यातल्या एकीवर बसणाऱ्या मुलीला वर्षभरात एकही जखम झाली नाही. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं पावती यायची. हे कोणी सांगितलं नव्हतं." न मागता दोन महिने उचलले त्यांनी. फोन ठेवल्यावर मला बराच वेळ दुसरं काम सुचलं नाही.

भाऊ फोटोला तयार आहे, अट एकच: तो हात टेकून अंग उचलतानाचा हवा. नवा मसुदा:

"फोटोत तो उठायला निघालेला नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी तो असंच अंग उचलतो, कारण बसल्या जागी जखम झाली तरी त्याला कळत नाही. दिवसातून पाच वेळा तो कॅथेटर वापरतो. एका माणसाला महिन्याला १५० लागतात. आपल्या मज्जारज्जू-इजाग्रस्त बांधवांसाठी आपण एक महिना, एक आठवडा किंवा एक दिवस उचलू शकाल का? उरलेली रक्कम निगेच्या इतर खर्चासाठी वापरली जाईल."

विश्वस्तांना "डोळ्यांत पाणी नाही आलं" असं वाटतंय. पाठवू का?

चारचाकी

पाठवा. फक्त "बांधव" काढा, गादीवाली मुलगी रुसेल.