मदत हवी आहे : दप्तरात मावणारं, खाऱ्या हवेत टिकणारं खेळकर यंत्र

नमस्कार मंडळी. मालवण-देवगड पट्ट्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलांचा रोजचा दिवस त्यांच्याच नजरेतून समजून घ्यायचाय. प्रश्नावली दिली की मुलं सरांना आवडतील तीच उत्तरं लिहितात. १९९९ मध्ये डिझाइन-संशोधक बिल गेव्हर आणि सहकाऱ्यांनी ‘कल्चरल प्रोब्ज’ची, म्हणजे लोकांनी आपलं जगणं स्वतःच टिपावं म्हणून त्यांना खेळकर साधनं देण्याची पद्धत मांडली, युरोपातल्या वृद्धांना पोस्टकार्डं, नकाशे, कॅमेरे देऊन. मला तसंच काही किशोरांसाठी हवंय.

काडेपेटीएवढा नमुना बनवलाय. बटण दाबलं की ‘आत्ता कुणाला टाळतोयस?’ असा एखादा तिरपागडा प्रश्न विचारतो आणि बोललेलं उत्तर माइकनं टिपतो. एका मुलीनं त्यात एसटीची वाट बघतानाचं भांडण आणि सुकत घातलेल्या बांगड्यांवरून कावळे हाकलणं भरून आणलं. प्रश्नावलीत हे कधीच आलं नसतं!

अडचण अशी, की खाऱ्या हवेनं बटणाखालचं तांबं हिरवं पडतं. सिलिकॉननं सगळं बंद केलं तर माइकचा आवाज दबतो. स्वस्तातला उपाय कुणी वापरलाय का?

दुसरं जास्त महत्त्वाचं. पालकांची लेखी संमती घेतोच, पण नको ते टिपलं गेलं तर मुलांना स्वतःच, चटकन पुसता आलं पाहिजे. पडदा नसलेल्या यंत्रात हे कसं जमवाल?