मदत हवी आहे: घरपट्टीवर हरकत घेतलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी, आमच्या नगरपरिषदेने चतुर्थ वार्षिक कर आकारणीची यादी लावलीय, हरकतीसाठी ३० दिवस दिलेत आणि आईच्या घराची घरपट्टी एकदम दुपटीच्या वर गेलीय. दर ४ वर्षांनी फेरआकारणी होते ते ठीकच, पण मागची पत्र्याची शेड पण आरसीसीत धरलीय (मोजायला कोण आलेलं देव जाणे). वार्षिक भाड्यातून १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात एवढं कळलं, पण मुळात ते भाडं कुठल्या दराने धरलंय ते ऑफिसात लेखी मागता येतं का? अर्जाला फोटो आणि जुनी पावती जोडली तर पुरे की इंजिनिअरचा नकाशा लागतोच? सुनावणीला आईऐवजी मी गेलो तर चालेल ना, की अधिकारपत्र लागेल?